मदत हवी आहे: 'सामाजिक उद्योगा'चं सरकारी प्रमाणपत्र कुठे मिळतं?

नमस्कार मंडळी. मी घाटंजी तालुक्यातली (जि. यवतमाळ). आमचा अकरा बायांचा बचत गट आहे, त्यातल्या सात जणींवर एकटीनं घर ओढायची वेळ आलेली. जवसाची चटणी विकतो. जवस तडतडेपर्यंत भाजायचा, गार झाला की उखळात कांडायचा. मिक्सर आहे, पण जास्त फिरवला की तेल सुटून गोळा होतो.

नागपूरचा एक खरेदीदार महिन्याला 200 पाकिटं घ्यायला तयार आहे. त्यांच्या फॉर्मात एक रकाना आहे, 'सामाजिक उद्योग : शासकीय प्रमाणपत्र क्रमांक'. आठ दिवस झाले, गाडी तिथंच अडली. फूड लायसन आहे, उद्यम नोंदणीही आहे (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी; फुकटात होते, कुणाला पैसे देऊ नका), पण तिच्यावर 'सूक्ष्म' एवढंच लिहिलंय.

एक एजंट म्हणतो, 18,000 द्या, सेक्शन 8 कंपनी काढून देतो, तेच ते सर्टिफिकेट. पण त्यात म्हणे नफा वाटून घेता येत नाही. आम्ही दिवाळीला वाटतो. मागच्या वाट्यातून एकीनं घरावर टिनं टाकली. ती म्हणते, "ताई, वाटाच नाही तं कायले करायचं?"

काय करावं?

प्रतिसाद 1
ताई, 'सामाजिक उद्योग' म्हणजे समाजाच्या भल्यासाठी चालवलेला धंदा. पण त्याचं असं एकच सरकारी प्रमाणपत्र आपल्या देशात नाहीच. दक्षिण कोरियात आहे, 2007 च्या कायद्यानं. आपल्याकडे सेबीनं (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) 2022 मध्ये सोशल स्टॉक एक्स्चेंजचे, म्हणजे सामाजिक संस्थांसाठीच्या शेअर बाजार विभागाचे, नियम आणले, पण ते बाजारातून पैसा उभारणाऱ्यांसाठी. तिथं निदान 67 टक्के काम सामाजिक असल्याचं दाखवावं लागतं. चटणीच्या पाकिटाला त्याचं काय!

सेक्शन 8 मध्ये मजुरी देता येते, लाभांश नाही. देणग्या, सीएसआर (कंपन्या समाजकार्यासाठी देतात तो पैसा) घ्यायचा असेल तर त्याचा विचार करा. वाटा हवा असेल तर उत्पादक कंपनी (माल पिकवणाऱ्या-बनवणाऱ्यांच्याच मालकीची) बघा. दहा उत्पादक लागतात, तुम्ही अकरा आहात. पण घाई नको. आधी खरेदीदारालाच फोन लावा.

धागाकर्ती
लावला जी. फॉर्म मुंबईहून आला म्हणे, तो रकाना कशासाठी ते त्यालाही माहीत नाही. 'लागू नाही' लिहा म्हणाला, उद्यमची प्रत जोडायला सांगितली. पाठवून दिलं.

आता एजंटाकडे गेलेले 2,000 ॲडव्हान्स कसे सोडवायचे, तेवढं सांगा कुणीतरी. पावती नाही.