मदत हवी आहे: पॅकर्सच्या कॅम्पमध्ये रिसीव्हरची शेवटची जागा नेमकी कशी ठरते?

फॉक्स_व्हॅली

नमस्कार मंडळी,

इथे अमेरिकन फुटबॉल नेमाने बघणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारते आहे. आम्ही विस्कॉन्सिनमध्ये ॲपलटनला राहतो. ग्रीन बे तसं जवळच, त्यामुळे तिथला संघ पॅकर्स हा आमच्या घरातला रोजचा विषय आहे. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. त्याचा जीव क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) जॉर्डन लव्हवर किंवा चेंडू घेऊन धावणाऱ्या जोश जेकब्सवर नाही, तर १८ नंबरच्या मलिक हीथवर जडलाय. हीथ रिसीव्हर आहे, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये (कॉलेजच्या खेळाडूंच्या निवडीत) सात फेऱ्यांत एकाही संघाने हीथचं नाव घेतलं नव्हतं. तरी तो हंगामाआधीच्या कॅम्पला आला, संघात शिरला आणि दोन हंगाम टिकला. माझ्या मुलाला त्याचं हेच आवडतं. खरं सांगायचं तर मलाही.

या वर्षी, २०२५ मध्ये, मात्र रिसीव्हरांची इतकी दाटी झाली आहे की काही सुधरत नाही. रोमिओ डब्ज, क्रिश्चियन वॉटसन, जेडन रीड आणि डॉन्टेव्हियन विक्स हे चौघे २०२२ आणि २०२३ च्या ड्राफ्टमधले. त्यात यंदा एप्रिलमध्ये ड्राफ्ट ग्रीन बेमध्येच भरला आणि घरच्या गर्दीसमोर पॅकर्सनी पहिल्या फेरीत, २३ व्या क्रमांकावर, टेक्सस विद्यापीठाचा मॅथ्यू गोल्डन घेतला. २००२ मधल्या जॅव्हॉन वॉकरनंतर पहिल्या फेरीत घेतलेला हा पहिलाच रिसीव्हर. आम्ही आनंदाने ओरडलो, आणि दुसऱ्याच क्षणी मुलगा म्हणाला, "आई, मग हीथचं काय?" तिसऱ्या फेरीत टीसीयू विद्यापीठाचा सॅव्हियन विल्यम्स आला. त्याआधी मार्चमध्येच मिकोल हार्डमनला करारबद्ध केलं होतं. बो मेल्टन आहे. शिवाय यंदाची न निवडलेली नवी पोरं आहेत ती वेगळीच. जागा सहा, फार तर सात.

आमचे प्रश्न असे:

वॉटसनचा गुडघा जानेवारीत बेअर्सविरुद्धच्या सामन्यात गेला. तो अजून सरावात नाही, पीयूपी यादीत (दुखापतीमुळे खेळू न शकणाऱ्यांच्या) आहे. त्याची जागा त्या सहा-सातांत धरायची की नाही?

हीथला वगळलं तर तो लगेच दुसऱ्या संघात जातो, की पॅकर्स त्याला प्रॅक्टिस स्क्वॉडमध्ये (फक्त सराव करणाऱ्या राखीव तुकडीत) ठेवू शकतात? हे कोणाच्या हातात असतं?

आणि सगळ्यात महत्त्वाचं. आम्ही रे निच्की फील्डवर सराव बघायला जाणार आहोत. मुलगा कोणी किती चेंडू झेलले ते वहीत मांडणार म्हणतो. पण झेल मोजून शेवटची जागा कोणाची ते कळतं का? दुसरं काय बघावं? त्याला नीट, खरं उत्तर द्यायचं आहे. "बघू या काय होतं ते" असं सांगून त्याचं समाधान होत नाही, आणि ते सांगणं मलाही पटत नाही.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

चौथी_डाउन

ताई, आधी आकड्यांचं उरकून घेऊ.

कॅम्पमध्ये ९० खेळाडू असतात. यंदा २६ ऑगस्टला, ग्रीन बेच्या घड्याळात दुपारी तीनपर्यंत, ते ५३ वर आणावे लागतात. पूर्वी ही कपात टप्प्याटप्प्याने व्हायची. २०२३ पासून एकाच दिवशी होते, त्यामुळे त्या एका दिवसात संपूर्ण लीगमध्ये हजाराहून जास्त खेळाडूंची नावं मूळ यादीतून उतरतात.

वॉटसन: पीयूपी यादीत असलेला खेळाडू कॅम्पमध्ये ९० त धरला जातो. कपातीच्या दिवशीही तो तिथेच राहिला तर ५३ मध्ये धरत नाहीत, पण मग त्याला पहिले किमान चार सामने खेळता येत नाही. आणि कॅम्पमध्ये एकदा का तो सरावाला उतरला की परत त्या यादीत टाकता येत नाही. गुडघ्याच्या त्या शस्त्रक्रियेनंतर तो सप्टेंबरमध्ये तयार असेल असं मला वाटत नाही. म्हणजे सुरुवातीला एक जागा मोकळी. ती चार-सहा आठवड्यांपुरतीच असेल, पण हीथसारख्याला चार आठवडेही खूप असतात.

वगळल्यावर काय: ज्याचे लीगमध्ये चार हंगाम जमा झालेले नाहीत तो वेव्हर्सवर जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत बाकीचे ३१ संघ त्याच्यावर हक्क सांगू शकतात. दोघांनी सांगितला तर मागच्या हंगामात ज्याची अवस्था जास्त वाईट होती त्याला तो मिळतो, म्हणजे यंदा पहिला मान टेनेसी टायटन्सचा. हक्क सांगितला गेला की खेळाडूला "नाही" म्हणायची सोय नाही, आहे तो करार घेऊन तिकडे जायचं. कोणीच सांगितला नाही तर तो मोकळा, आणि मग पॅकर्स त्याला १६ जणांच्या प्रॅक्टिस स्क्वॉडमध्ये बोलावू शकतात. हीथ याच गटात येतो.

हार्डमनचं वेगळं आहे. तो २०१९ पासून लीगमध्ये आहे, त्यामुळे वेव्हर्सची भानगड नाही. वगळला की त्याच क्षणी स्वतंत्र. पण चार हंगाम झालेला खेळाडू पहिल्या सामन्याला ५३ मध्ये असेल तर त्याचा वर्षभराचा पगार संघाच्या गळ्यात पडू शकतो, म्हणून त्या आठवड्यात संघ अनुभवी माणसांबाबत जास्त हात आखडतात. फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलमध्ये ओव्हरटाइमला विजयी टचडाउन ज्याने झेलला, त्याची जागाही आज पक्की नाही. या कॅम्पमध्ये स्पर्धा केवढी आहे ते एवढ्यावरून लक्षात यावं.

पैशाचा फरकही मुलाला सांगा. नवख्या खेळाडूला ५३ मध्ये राहिल्यावर यंदा वर्षाला किमान ८,४०,००० डॉलर मिळतात. प्रॅक्टिस स्क्वॉडवर आठवड्याला १३,००० पासून, म्हणजे १८ आठवड्यांचे २,३४,०००, आणि तिथे कधीही नारळ मिळू शकतो. हीथचा आकडा अनुभवामुळे थोडा वर असेल, पण दरी तेवढीच मोठी आहे.

मिनियापोलिसकर

मी वायकिंग्जचा (मिनेसोटाच्या संघाचा) चाहता, तरी लिहितो, कारण विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

वर प्रॅक्टिस स्क्वॉडबद्दल आलंय ते वाचून मुलाने खट्टू होऊ नये. ॲडम थीलनला २०१३ मध्ये कोणी निवडलं नव्हतं. तो मॅनकेटोच्या मिनेसोटा स्टेट विद्यापीठाचा, आणि तेव्हा वायकिंग्जचा कॅम्प त्याच विद्यापीठाच्या मैदानावर भरायचा. आधी नुसता चाचणीला आला, मग कॅम्पला, मग अख्खं वर्ष प्रॅक्टिस स्क्वॉडवर. २०१४ मध्ये ५३ त आला तो स्पेशल टीम्सच्या जोरावर. त्या हंगामात पँथर्सविरुद्ध अडवलेली पंट (समोरच्यांकडे लाथेने धाडलेला चेंडू) उचलून त्याने टचडाउन केला होता. रिसीव्हर म्हणून हजार यार्ड ओलांडले ते २०१७ मध्ये, १,२७६. त्याआधी २०१४ आणि २०१५ ही दोन वर्षं त्याने मुख्यतः पंटच्या मागे धावून काढली.

फॉक्स_व्हॅली

दोघांचेही मनापासून आभार. पीयूपीचं आता नीट कळलं. मुलाने थीलनचं दोनदा वाचलं.

पण स्पेशल टीम्स हा शब्द सगळीकडे येतो आणि तिथेच आमचं घोडं अडतं. रिसीव्हर आहे तर त्याचं झेलणं आधी बघायला नको का? हा कोणी जरा फोड करून सांगेल का?

मॅडिसनवाला

ताई, मी कॅम्पला जवळपास दर वर्षी जातो, त्यामुळे यावर थोडं सविस्तर लिहितो.

५३ मधले सगळे सामन्याला उतरत नाहीत. सामन्याच्या दिवशी ४८ जणांनाच गणवेश मिळतो. पहिले चार रिसीव्हर झेल घेण्यासाठी असतात. पाचवा आणि सहावा आक्रमणात दिवसभरात मोजकेच स्नॅप (खेळी) खेळतो. मग त्याला गणवेश द्यायचा कशासाठी? पंट, किकऑफ, म्हणजे लाथेने चेंडू धाडायच्या खेळी, त्यांचं कव्हरेज (चेंडूमागे धावून समोरच्याला अडवणं) आणि परतावा (आलेला चेंडू घेऊन पुढे धावणं) यांसाठी. यालाच स्पेशल टीम्स म्हणतात. त्यामुळे शेवटच्या जागेबाबत स्पेशल टीम्सचे यंदाचे (२०२५ चे) कोच रिच बिसाशिया यांच्या शब्दाला मोठं वजन असतं असं मी धरून चालतो.

मैदानावर गेलात की मुलाला सांगा, पंटचा सराव सुरू झाला की चेंडूकडे बघू नकोस, रांगेच्या दोन टोकांना उभ्या असलेल्यांकडे बघ. त्यांना गनर म्हणतात. पंट मारली जाण्याआधी पुढे सुटायची मुभा फक्त या दोन टोकांच्या गड्यांना असते. समोर कधी एक, कधी दोन जण त्यांना रेटायला उभे. गनर खांदा खाली घालून, हात झटकत त्यांच्या बाजूने निसटतो आणि चाळीस-पन्नास यार्ड धावत परतावा घेणाऱ्याच्या अंगावर जातो. सीमारेषेबाहेर ढकलला गेला तर लगेच आत यावं लागतं. पहिल्या पंटला कोणता नंबर टोकाला होता आणि दुसऱ्या तुकडीत कोणता, एवढं वहीत लिहिलं तरी झेलांच्या आकड्यापेक्षा जास्त कळेल. त्या जागी १८ नंबर पहिल्या तुकडीत दिसला तर आशेला जागा आहे.

दुसरं, चेंडू कोणाकडून येतोय ते टिपा. लव्हकडून पहिल्या तुकडीत आलेले दोन झेल आणि शेवटच्या तुकडीत आलेले सहा यांची बरोबरी होत नाही. मुलाने वहीत झेलापुढे क्वार्टरबॅक आणि समोरचा कॉर्नर (रिसीव्हरला रोखणारा बचावपटू) कोण हेही लिहावं.

तिसरं, धावेच्या खेळीत रिसीव्हर काय करतो. मुख्य कोच मॅट लफ्लरच्या आक्रमणात रिसीव्हरने ब्लॉक करणं (समोरच्याला रेटून अडवणं) गृहीतच आहे, आणि हीथची खरी ताकद तीच. जेकब्स चेंडू घेऊन बाहेरच्या बाजूने वळतो तेव्हा हीथ समोरच्याला शिटी वाजेपर्यंत सोडत नाही. बाकीचे दोन पावलं टाकून थांबले तर फरक लगेच दिसतो.

आणि किकऑफ परतावा. कीशॉन निक्सन २०२२ आणि २०२३ मध्ये परताव्यासाठी ऑल-प्रो (लीगमधल्या सर्वोत्तमांत निवडलेला) होता, पण आता त्याला कॉर्नरवरच लक्ष द्यायचं आहे. म्हणजे ते काम रिकामं झालंय. यंदा नव्या नियमाने टचबॅक (परतावा न घेता समोरच्यांना मिळणारी सुरुवात) ३५ यार्डांवर येतो, त्यामुळे संघ चेंडू मैदानातच ठेवतील आणि परतावे वाढतील. हार्डमनला आणलं ते बहुतेक यासाठीच, आणि विल्यम्सलाही तिथे आजमावतील. हीथ परतावा घेत नाही, ही त्याची उणी बाजू. हे मुलापासून लपवू नका.

जाताना लवकर जा. लॅम्बो फील्डपासून सरावाच्या मैदानापर्यंत खेळाडू लहान मुलांच्या सायकलींवर बसून जातात आणि सायकलीचा मालक हेल्मेट सांभाळत शेजारून पळतो. ही पद्धत जुने कोच लोम्बार्डी यांच्या काळापासूनची. मुलगा तेराचा असला तरी सायकल न्या. सरावाला तिकीट नाही.

नागपूर_ते_न्यूअर्क

प्रीसीझनचे (हंगामाआधीचे) सामने विसरू नका! व्हिक्टर क्रूझ. २०१० मध्ये न निवडलेला, जेट्सविरुद्धच्या प्रीसीझन सामन्यात तीन टचडाउन, १४५ यार्ड, आणि जायंट्समध्ये जागा पक्की. पुढच्याच वर्षी १,५३६ यार्ड आणि सुपर बोलचा मान. एका रात्रीत नशीब पालटतं.

चौथी_डाउन

पालटतं, पण क्वचित. क्रूझ आठवतो याचं कारणच ते. त्या सामन्यांच्या उत्तरार्धात समोर बहुतेक असे बचावपटू असतात जे स्वतःच २६ तारखेला बाहेर जाणार आहेत. कोच लोक ते धरूनच फिल्म बघतात. आता प्रीसीझन सामनेही तीनच. त्यातले झेल बघाच, पण सरावात कोण कोणत्या तुकडीत उभा आहे त्याला मी जास्त मान देईन.

ताई, पॅकर्सचंच उदाहरण हवं असेल तर ॲलन लझार्ड. २०१९ मध्ये कपातीच्या दिवशी त्यालाही वगळलं होतं. कोणी हक्क सांगितला नाही, प्रॅक्टिस स्क्वॉडवर आला, काही दिवसांतच परत ५३ मध्ये. ऑक्टोबरमध्ये सोमवारच्या रात्री लायन्सविरुद्ध ३५ यार्डांचा टचडाउन झेलला आणि मग कित्येक हंगाम तो हक्काचा खेळाडू झाला. कपातीचा दिवस म्हणजे शेवट असं मुलाला वाटू देऊ नका.

फॉक्स_व्हॅली

मंडळी, किती मनापासून लिहिलंत. मुलाने वहीत नवे रकाने पाडलेत: नंबर, तुकडी, क्वार्टरबॅक, समोरचा कॉर्नर, पंटला टोकाला कोण. हीथ परतावा घेत नाही हेही त्याला सांगितलं. जरा गप्प झाला, मग म्हणाला, "पण ब्लॉक तर करतो ना."

एकच राहिलं. मेल्टनला यंदा कॉर्नर म्हणूनही खेळवून बघताहेत. तो राहिला तर रिसीव्हर धरायचा की कॉर्नर? याने हीथची अडचण वाढते की कमी होते?

मॅडिसनवाला

नियमात रिसीव्हर सहा आणि कॉर्नर सहा असा काही कोटा नाही. माणसं ५३, बस्स. त्यामुळे मेल्टन दोन्हीकडे उभा राहू शकला तर एका जागेत दोन कामं होतात, आणि गनर म्हणून तो आधीपासूनच चांगला आहे. २०२३ च्या शेवटच्या दिवशी वायकिंग्जविरुद्ध प्रॅक्टिस स्क्वॉडमधून वर आणल्यावर त्याने १०५ यार्ड आणि एक टचडाउन केला होता, तेव्हा वेळ पडली तर झेलही घेतो हे संघाला ठाऊक आहे.

म्हणून माझा अंदाज असा. कॉर्नरचा प्रयोग जमला तर मेल्टन बचावाच्या खात्यात जाईल, रिसीव्हरांत जागा सुटेल आणि वॉटसन येईपर्यंत हीथ सहावा म्हणून राहील. प्रयोग फसला तर त्याच एका जागेसाठी मेल्टन आणि हीथ समोरासमोर, आणि मग गनरच्या जागेवर पहिल्या तुकडीत कोण हेच ठरवेल. तेव्हा वहीत आणखी एक रकाना पाडायला सांगा: मेल्टन आज कोणत्या बाजूच्या बैठकीतून, कोणत्या रंगाच्या जर्सीत मैदानात आला.