लाकडांच्या भट्टीवरचा पिझ्झा: वरून डागाळलेला आणि खालून पांढरा असणे योग्य आहे का?

माळनाकावासी, रत्नागिरी

नाचणे रस्त्यावर, आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, लाकडांच्या भट्टीवर पिझ्झा भाजून देणारे एक लहानसे हॉटेल जूनमध्ये सुरू झाले आहे. हॉटेलचे नाव मुद्दाम देत नाही, कारण धंदा नवा आहे आणि मला जो दोष वाटतो आहे तो दोषच नाही, असेही असू शकेल. जाणकारांकडून तेवढेच समजून घ्यायचे आहे.

गेल्या रविवारी संध्याकाळी पावसाने जरा उघडीप दिल्यावर आम्ही घरातली चार माणसे तिथे गेलो. एक साधा मार्गेरिटा, एक पनीर आणि ढोबळी मिरचीचा आणि एक कोळंबीचा असे तीन पिझ्झे मागवले. गर्दी इतकी होती की दारात लोक खुर्चीची वाट पाहत उभे होते. मार्गेरिटा समोर आला तेव्हा त्याच्या फुगलेल्या कडेवर काळे डाग होते आणि मधला भाग एवढा मऊ होता की तुकडा उचलताच त्याचे टोक खाली लोंबले व सॉस ताटलीत ओघळला. उलटून पाहिले तर बुडाकडून पोळी जवळजवळ पांढरी होती. सासूबाईंनी तिथल्या तिथे निकाल दिला, की वरून करपलाय आणि खालून कच्चा आहे. वेटरला विचारले असता त्याने अतिशय नम्रपणे सांगितले की इटलीत पिझ्झा असाच असतो. यावर काय बोलावे ते आम्हाला सुचले नाही, कारण आमच्यापैकी कोणी इटलीला गेलेले नाही.

कोळंबीच्या पिझ्झ्यावर मधोमध पाणी सुटलेले होते आणि कोळंबी चिवट लागली. पनीरचा अर्धा उरलेला पिझ्झा डब्यात बांधून आणला, तो रात्री खाताना दात दुखले. शिवाय बिलात दहा टक्के सेवाशुल्क आम्हाला न विचारता लावलेले होते आणि जीएसटी वेगळा. एवढे सगळे असूनही टोमॅटोच्या सॉसची चव आणि त्या कडेला आलेला धुराचा मंद वास मला आवडला, आणि मुलगा तर पुन्हा जाण्याचा हट्ट धरून बसला आहे. तेव्हा पुन्हा जावे का, आणि गेल्यास कधी जावे व काय मागवावे, हे कृपया सांगावे.

पीठ आणि सरपण, दापोली

मी पुण्यातल्या एका हॉटेलात अशाच भट्टीवर काम केलेले आहे आणि सध्या दापोलीत घरगुती बेकरी चालवतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. वेटरचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. सासूबाईंचेही अर्धे बरोबर आहे, आणि माझ्या मते महत्त्वाचा अर्धा भाग त्यांच्याकडे आहे.

आपण वर्णन केलेला पिझ्झा इटलीतल्या नेपल्स शहराच्या पद्धतीचा दिसतो. या पद्धतीचे लेखी नियम आहेत, आणि ते जपण्यासाठी नेपल्समध्ये १९८४ साली एक संस्थाही स्थापन झाली. त्या नियमांप्रमाणे पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट एवढ्याच गोष्टींचे पीठ मळून ते कित्येक तास आंबवायचे आणि सुमारे ४३० ते ४८० अंश सेल्सियस तापलेल्या भट्टीत पिझ्झा अवघ्या ६० ते ९० सेकंदांत भाजून काढायचा. आपल्या घरचा ओव्हन बहुधा २५० अंशांपर्यंतच जातो. एवढ्या प्रचंड आचेत आंबवलेल्या पिठाच्या कडेला बारीक फोड येतात, फोडांचा पापुद्रा पातळ असल्यामुळे तेवढाच भाग काळा होतो आणि बाकीची कड सोनेरी राहते. हे डाग सुटेसुटे असतील आणि खाताना कडवट लागत नसतील, तर तो करपलेला पिझ्झा नव्हे. मधला भाग मऊ असणेही अपेक्षितच आहे, कारण दीड मिनिटात सॉसमधले आणि ताज्या मोझरेला चीजमधले पाणी आटायला वेळच मिळत नाही. नेपल्समध्ये असा पिझ्झा काट्या-सुरीने खातात किंवा घडी घालून खातात.

पण बूड पांढरे असणे हे मात्र कुठल्याही नियमात बसत नाही. बुडाला बिबट्याच्या कातडीवर असतात तसे तपकिरी ठिपके दिसायला हवेत. ते का दिसले नाहीत, याचे उत्तर आपल्याच प्रश्नात आहे: रविवारची संध्याकाळ आणि दारात उभी असलेली गर्दी. भट्टीत दोन ठिकाणांहून आच मिळते. वरून घुमटाखालच्या ज्वाळेची आच आणि खालून तापलेल्या लादीची. प्रत्येक नवा गार, ओला पिझ्झा लादीवर पडला की ती तेवढ्या जागेपुरती निवते आणि पुन्हा तापायला तिला थोडा अवधी लागतो. बिडाच्या तव्यावर घाईघाईने एकामागून एक घावने काढायला गेले की तवा निवून घावन चिकटू लागते, तसेच हे आहे. ऑर्डरी तुंबल्या की नवखा भट्टीवाला लादीला उसंत देत नाही, उलट वर लाकडे घालून ज्वाळा वाढवतो. मग वरचा भाग लवकर काळा होतो, माणूस घाबरून पिझ्झा बाहेर ओढतो आणि बूड तसेच राहते.

त्यात हा पावसाळा. जुलैत कोकणात पुरते सुकलेले सरपण मिळवणे हेच एक काम आहे. ओले लाकूड धूर फार करते आणि स्वतःतले पाणी उडवण्यातच बरीचशी उष्णता घालवते, त्यामुळे लादी मुळातच पुरती तापत नाही. दमट हवेत मैदाही ओल धरतो, म्हणून पुण्या-मुंबईत बसवलेले पाण्याचे माप इथे जसेच्या तसे चालत नाही आणि पीठ सैल होते. मध्येच वीज गेली तर फ्रीजमधले गोळे वेळेआधी जास्त आंबतात, ते वेगळेच. नव्या हॉटेलाला हे सगळे पहिल्याच पावसाळ्यात शिकावे लागत आहे, याची मला सहानुभूती आहे. तरीही 'इटलीत असेच असते' हे उत्तर मला पटत नाही. नेपल्सच्या पिझ्झा कारागिरीची २०१७ साली युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद झाली, ती पांढऱ्या बुडासाठी नव्हे.

पिझ्झा खरोखर कच्चा आहे का, हे ताटातच पाहता येते. कड हाताने मोडावी. आत लहान-मोठी जाळी दिसली आणि बोटाला काही चिकटले नाही तर ती भाजली गेली आहे. सॉसच्या लगेच खाली पिठाचा चिकट, ओलसर, काहीसा पारदर्शक थर दिसला तर पिझ्झा परत पाठवावा, त्यात संकोच करण्याचे कारण नाही. पुढच्या वेळी मधल्या वारी, भट्टी पेटवून तासाभराहून अधिक वेळ झाला असेल पण गर्दी अजून व्हायची असेल अशा सुमारास जावे, आणि फक्त मार्गेरिटा मागवावा. ज्याचा मार्गेरिटा जमत नाही त्याच्या बाकीच्या पिझ्झ्यांवरचे पदार्थ केवळ पांघरूण असतात.

मिरकरवाड्याजवळ

कोळंबीबद्दल दोन शब्द. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, तेव्हा मिरकरवाडा बंदरात या दिवसांत नौका शाकारलेल्या असतात. म्हणजे जुलैतल्या पिझ्झ्यावरची कोळंबी बर्फात साठवलेली, शेततळ्यातली किंवा फार तर खाडीतली असणार. साठवलेली कोळंबी वाईट असते असे मी म्हणत नाही, परंतु ती नीट निथळून, कोरडी करून घातली नाही तर भट्टीत पाणी सोडते, आणि ते पाणी बरोबर मधोमध साचते. चिवटपणाचे कारणही बहुतेक हेच आहे की मोठी कोळंबी दीड मिनिटात शिजेल याचा भरवसा नसल्यामुळे ती आधी शिजवून ठेवतात आणि मग भट्टीत ती दुसऱ्यांदा शिजते. बारीक, सोललेली, ताजी कोळंबी कच्चीच पसरली तर एवढ्या आचेला पुरेशी शिजते.

म्हणून कोळंबीचा पिझ्झा नारळी पौर्णिमा होऊन बाजारात ताजा माल यायला लागल्यावर मागवावा आणि मागवण्यापूर्वी कोळंबी आजची आहे का, हे विचारावे. रत्नागिरीत हा प्रश्न विचारल्याचे कोणाला वाईट वाटत नाही. पदार्थांच्या यादीत मरिनारा दिसला तर त्यात मासे असतील अशा समजुतीने मागवू नये. त्यात टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि ऑलिव्ह तेल असते, मासे नसतात आणि चीजही नसते.

माझी हॉटेलवाल्यांना एक सूचना आहे, ते वाचत असतील तर: मार्च-एप्रिलमध्ये ओले काजूगर घालून पाहावे. इटलीचे नाव काढून कोणी नाक मुरडले तर अननसाचा 'हवाईयन' पिझ्झा १९६२ साली कॅनडात जन्मला हे त्यांना सांगावे.

हिशेबनीस, चिपळूण

बिलाविषयी. हॉटेलने ग्राहकाला न विचारता आपोआप सेवाशुल्क लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना कायम ठेवल्या. तेव्हा ही रक्कम काढून बिल पुन्हा देण्यास शांतपणे सांगावे. बहुतेक ठिकाणी तेवढ्याने काम होते. न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. वेटरला खुशीने काही द्यायचे असेल तर ते त्याच्या हातात द्यावे.

जीएसटी ही वेगळी बाब आहे. साध्या हॉटेलातल्या जेवणावर तो ५ टक्के लागतो आणि तो द्यावाच लागतो. मात्र हॉटेलने कंपोझिशन योजना (लहान व्यावसायिकांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याची सोय) घेतलेली असेल तर त्याला ग्राहकाकडून वेगळा कर घेता येत नाही, आणि आपण त्या योजनेत असल्याचे त्याने बिलावर नमूद करावे लागते. बिल जपून ठेवले असेल तर एवढे एकदा पाहून घ्यावे. त्यावर अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांकही असायला हवा.

खालची आळी, गुहागर

मला या सगळ्या चर्चेची गंमत वाटते आहे. आमच्याकडे बेकरीतून दोन बेसचे पाकीट आणायचे, त्यावर कांदा, ढोबळी मिरची, टोमॅटो सॉस आणि भरपूर किसलेले अमूल चीज घालायचे व झाकण ठेवून तव्यावर खरपूस करायचे, हाच पिझ्झा असतो, आणि त्याचे बूड कधी पांढरे राहत नाही. साडेतीनशे-चारशे रुपये देऊन सुरी-काट्याने ओला पिझ्झा खाण्यात काय विशेष आहे, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

पीठ आणि सरपण, दापोली

गुहागरकरांचा पिझ्झा मीही आनंदाने खातो. परंतु तो बेस आधीच भाजलेला असतो आणि त्यात साखर व तेल असल्यामुळे तो मऊ पावाच्या जातीचा असतो. दोन्हींची तुलना करून एकाला नापास करण्यात अर्थ नाही. भट्टीच्या पिझ्झ्याचे पैसे वरच्या चीजचे कमी आणि आदल्या दिवशी मळून आंबवलेल्या पिठाचे जास्त असतात. ते पीठ चांगले असेल तर नुसती कडही खावीशी वाटते. ताटात कडा उरत असतील तर पैसे फुकट गेले असे खुशाल म्हणावे.

माळनाकावासी, रत्नागिरी

सर्वांचे मनापासून आभार. बिल पाहिले. कंपोझिशनचा उल्लेख नाही आणि परवान्याचा क्रमांक छापलेला आहे. सेवाशुल्काबद्दल पुढच्या वेळी तिथेच बोलेन. दोन शंका उरल्या आहेत. सासूबाईंना कड चावायला जड जाते, तर त्यांच्यासाठी काही वेगळे सांगता येते का? आणि पार्सल आणायचेच झाले तर ते चिवट होऊ नये म्हणून काय करावे?

पीठ आणि सरपण, दापोली

सासूबाईंसाठी 'जरा जास्त भाजा, पण ज्वाळेपासून लांब ठेवून' असे सांगावे. भट्टीच्या तोंडाशी दोन-तीन मिनिटे भाजलेला पिझ्झा कमी डागाळतो, त्याचे बूड नीट होते आणि मध्ये पाणी राहत नाही. कड थोडी कडक होईल, म्हणून तो गरम असतानाच त्यांना मधला भाग द्यावा आणि कड मुलाकडे वळवावी. श्रावणात कांदा-लसूण वर्ज्य असेल तर सॉसमध्ये लसूण आहे का ते आधी विचारावे. अस्सल मार्गेरिटाच्या सॉसमध्ये तो नसतो, पण आपल्याकडची बहुतेक हॉटेले घालतात.

पार्सलच्या बाबतीत खरे सांगायचे तर हा पिझ्झा तिथेच बसून खाण्याचा आहे. आणायचाच असेल तर कापू नका असे सांगावे, कारण कापलेल्या फटींतून सॉस खाली झिरपतो आणि बूड भिजते. घरी येईपर्यंत खोक्याचे झाकण किंचित उघडे ठेवावे, म्हणजे आतली वाफ निघून जाईल. पाऊस असेल तर वर छत्री धरावी लागेल, त्याला इलाज नाही. गरम करताना मायक्रोवेव्ह टाळावा, त्याने मैदा अधिक चिवट होतो. जाड तवा आधी तापवून, आच मंद करून, तेल न लावता पिझ्झा त्यावर ठेवावा, दोन मिनिटे झाकण घालावे आणि मग झाकण काढून बूड कुरकुरीत होईपर्यंत ठेवावा. पांढरे राहिलेले बूडही या निमित्ताने थोडे सुधारते.