मदत हवी आहे : व्हाउचरचे पैसे कटले, पॉइंट अर्धवट, रविवारी बर्डीवर (सीताबर्डी, नागपूर) फ्रिज घ्यायचाय

वर्धारोड४४ (गुरुवार, रात्री ९:१०)
फ्रिज अन् वॉशिंग मशीन मिळून ९४,००० चं बिल होऊन राहिलं. कार्डावर गिफ्ट व्हाउचरला ५ पट पॉइंट आहेत म्हणून १०-१० हजारांचे नऊ व्हाउचर घेऊन वरचे ४,००० रोख द्यायचं ठरवलं. चार आले. पाचव्याचे मंगळवारी पैसे कटले, व्हाउचर काही आलं नाही. पॉइंट दोघांचेच दिसतात, तेही कमी. कस्टमर केअर म्हणते थांबा. रविवारी दुकानात जायचंच आहे, सोमवारी सामान बहिणीच्या घरी पोचायला हवं. उरलेले पाच आज रात्रीतून कसे घ्यायचे तेवढं सांगा.

हिशेबनीस_इतवारी (९:१८)
अजून काही घेऊ नका. आधी हे सांगा : चारही व्हाउचर बँकेच्या रिवॉर्ड पोर्टलवरून घेतले की व्हाउचर कंपनीच्या ॲपवरून? बोनस पॉइंटची महिन्याची मर्यादा किती? स्टेटमेंटला नेमकी रक्कम काय दिसते?

महाल_मधला (९:२१)
एवढा कुटाणा कशाला भाऊ. वॉलेट नाहीतर प्रीपेड कार्ड भरा क्रेडिट कार्डानं, तिथून पैसे बँकेत घ्या अन् दुकानात यूपीआयनं द्या. पॉइंटही मिळतात, व्हाउचरची भानगडही नाही.

धंतोली_पी (९:२९)
@महाल_मधला हा सल्ला देऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमानुसार गिफ्ट प्रकारचं प्रीपेड १०,००० पर्यंतच असतं, पुन्हा भरता येत नाही, त्यातून रोख काढता येत नाही की पैसे दुसरीकडे पाठवता येत नाहीत. पूर्ण केवायसीच्या वॉलेटमधून पाठवता येतात, पण वॉलेट भरणं एमसीसी (दुकानदाराच्या धंद्याचा कोड) ६५४० मध्ये मोडतं आणि बहुतेक बँकांनी या कोडवरचे पॉइंट बंद केलेत. काही बँका ठरावीक रकमेच्या पुढे १% फी लावतात. खरेदी न करता पैसा फिरवतोय असं दिसलं तर पॉइंट जप्त होतात, कार्डही बंद होतं.

महाल_मधला (९:३३)
सगळ्याच बँका नाही करत.

धंतोली_पी (९:३६)
कोणती करत नाही त्यावर ९४ हजारांचा जुगार का खेळायचा? शिवाय वर्षात क्रेडिट कार्डाची बिलं मिळून १० लाख किंवा जास्त भरलीत की बँक ते आयकर खात्याला कळवते. खरी खरेदी असेल तर काही अडचण नाही, पण फिरवाफिरवीनं आकडा फुगला की उत्पन्नाशी मेळ बसवून दाखवावा लागतो.

वर्धारोड४४ (९:४०)
पैसे फिरवायचे नाहीत मला, सामान घ्यायचंय. पहिले दोन बँकेच्या पोर्टलवरून. पुढचे दोन थेट व्हाउचर कंपनीच्या ॲपवरून घेतले, कारण पोर्टल हँग होऊन राहिलं होतं. कार्ड तेच, व्हाउचर तेच, काय फरक पडतो? पाचवंही ॲपवरूनच.

हिशेबनीस_इतवारी (९:४७)
सगळा फरक तिथंच पडतो. ५ पट पॉइंट व्हाउचरला नसतात, पोर्टलवरच्या लिंकला असतात. ॲपवर थेट गेलात की बँकेला दिसतो फक्त दुकानदाराचा कोड. तो ५९४७ (भेटवस्तूंची दुकानं) किंवा ६५४० लागला आणि तुमच्या कार्डाच्या वगळलेल्या यादीत असला, तर साधे पॉइंटही शून्य. कार्डाच्या अटींमध्ये वगळलेल्या व्यवहारांची यादी असते, ती आत्ता उघडून बघा. आणि रकमेचं अजून सांगितलं नाही तुम्ही.

वर्धारोड४४ (९:५५)
यादीत ५९४७ आहे. बाप्पा.
रक्कम : पोर्टलचे दोन्ही १०,२३६. ॲपवरचे १०,००० च. कार्डावर १०० रुपयाला २ पॉइंट, पोर्टलवर ५ पट, बोनस महिन्याला जास्तीत जास्त २,००० पॉइंट. पॉइंट २५ पैशाचा.

हिशेबनीस_इतवारी (१०:०८)
आता हिशेब मांडता येतो. वरचे २३६ म्हणजे २% प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर १८% जीएसटी. १०,००० ला साधे २०० पॉइंट, बोनस ८००, एकूण १,०००, म्हणजे २५० रुपये. त्यातून २३६ गेले, उरले १४.
दोन व्हाउचरमध्ये बोनसचे १,६०० वापरून झाले, उरले ४००. याच महिन्यात पोर्टलवरून तिसरं घेतलंत तर मिळतील २०० + ४०० = ६०० पॉइंट, म्हणजे १५० रुपये. फी २३६. तोटा ८६. त्यापुढच्या प्रत्येकावर फक्त २०० पॉइंट, ५० रुपये, तोटा १८६. आणि पॉइंट वापरताना (रिडीम करताना) ९९ रुपये अधिक जीएसटी घेणाऱ्या बँका आहेत, तेही धरा.
सध्या जे अर्धवट दिसतंय ते बरोबर आहे. साधे पॉइंट व्यवहार पक्का झाला की येतात, बोनस मागून येतो, काही बँकांत दोन-तीन महिन्यांनी. त्याची तारीख पोर्टलच्या अटींत असते.

सदरबाजार_७ (१०:१२)
बर्डीवर निघालाच आहात तर विचारतो, पेट्रोलला सध्या कोणतं कार्ड बरं पडेल? १% सरचार्ज माफीवालं पाहतो आहे.

धंतोली_पी (१०:१५)
वेगळा धागा काढा भाऊ, इथं एकाचे १० हजार अडकले आहेत.
@वर्धारोड४४ पाचव्यासाठी : कार्डानं ऑनलाइन पैसे कटले आणि दुकानदाराकडे नोंद पोचलीच नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे व्यवहाराच्या दिवसापासून ५ दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. दिवस कॅलेंडरचे मोजतात. मंगळवार धरला तर रविवार. त्यानंतर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, न मागता. पण आधी ॲपच्या 'माझ्या ऑर्डर' मध्ये पाहा. तिथं ऑर्डर यशस्वी असेल तर व्हाउचर बनलेलं आहे आणि मेल बहुतेक स्पॅममध्ये आहे. मग हा नियम लागत नाही, व्हाउचर पुन्हा पाठवायला सांगावं लागतं. बँकेला लेखी तक्रार करताना १२ आकडी आरआरएन (व्यवहाराचा संदर्भ क्रमांक) द्या, नुसता स्क्रीनशॉट नको. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

वर्धारोड४४ (१०:२२)
ऑर्डर 'फेल' दाखवते. आरआरएन मिळाला, तक्रार टाकतो. पण रविवारचं काय? दुकानात ऑफर आहे एक, दुसऱ्या बँकेच्या कार्डावर १०%, जास्तीत जास्त ३,०००, किमान ३०,००० च्या व्यवहारावर. ते कार्डही आहे माझ्याकडे, पण त्याला पॉइंट कमी म्हणून पकडलंच नव्हतं.

हिशेबनीस_इतवारी (१०:२६)
हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं! ९४,००० मधून हातातले ४०,००० व्हाउचरनी भरा, उरलेले ५४,००० त्या कार्डावर. ३,००० सरळ सुटले. तुमच्या बेताप्रमाणे नऊ व्हाउचर घेतले असते तर कार्डावर टाकायला उरले असते ४,०००, म्हणजे ऑफर गेलीच असती. फक्त दुकानाला आज फोन करून विचारा की ऑफर बिलाच्या एकूण रकमेवर आहे की कार्डावर स्वाइप होणाऱ्या रकमेवर, आणि व्हाउचरसोबत चालते का. काही ठिकाणी व्हाउचर लागलं की ऑफर बंद होते.

कोराडी_मीटर (१०:३१)
व्हाउचर उरले तर वीजबिलाला वापरता येतील. ॲमेझॉन पे गिफ्ट कार्ड असेल तर बिल भरता येतं, ॲमेझॉन शॉपिंग व्हाउचर असेल तर नाही, त्यातून फक्त वस्तू. पण महावितरणचं बिल ७ दिवसांत भरलं तर १% सूट आहे अन् ऑनलाइन भरलं तर आणखी ०.२५%, कर सोडून. व्हाउचरची वाट पाहत मुदत चुकवू नका, एसी-कूलरच्या दिवसांत तो १% फार मोठा असतो.

महाल_मधला (१०:३५)
त्याचे व्हाउचर फ्रिजच्या दुकानाचे आहेत, वीजबिल कुठून आलं?

कोराडी_मीटर (१०:३७)
त्यानं कोणत्या कंपनीचे ते लिहिलंच नाही अजून.

धंतोली_पी (१०:४४)
तेही महत्त्वाचंच. एकाच दुकानसाखळीचं व्हाउचर असेल तर त्याला रिझर्व्ह बँकेचा किमान एक वर्षाच्या मुदतीचा नियम लागू नाही. सहा महिन्यांचेही असतात. म्हणून प्रत्येकाची तारीख पाहा. आणि दुकानात जाण्याआधी चार गोष्टी फोनवर पक्क्या करा : ती शाखा व्हाउचर घेते का (फ्रँचायझी शाखा अनेकदा घेत नाहीत), एका बिलावर किती चालतात, व्हाउचर फक्त ऑनलाइनचं तर नाही, आणि वस्तू परत केली तर पैसे कशात येतात. बहुतेक पुन्हा व्हाउचरमध्येच येतात. फ्रिज दारातून आत जात नाही म्हणून परत करायची वेळ आली तर ४०,००० त्याच दुकानात अडकतील. म्हणून बहिणीच्या घरचं दार आणि जिना आधी मोजून घ्या.
नंबर आणि पिन काउंटरवरच सांगा. व्हॉट्सॲपवर दुकानाच्या माणसाला फोटो पाठवू नका, दोन्ही ज्याच्या हाती त्याचे पैसे.

वर्धारोड४४ (शुक्रवार, दुपारी १२:५०)
दुकानाशी बोललो. शाखा व्हाउचर घेते, एका बिलावर चारच. ऑफर स्वाइप होणाऱ्या रकमेवर, व्हाउचरसोबत चालते. मुदत दोघांची मार्चपर्यंत, दोघांची त्याच्या आधी संपते. दार ३२ इंच, फ्रिज ३० चा.
म्हणजे पाचवं आलं असतं तरी चाललं नसतं. नवीन काही घेत नाही. तक्रारीचा नंबर आला आहे.

हिशेबनीस_इतवारी (१:०५)
३२ मध्ये ३० बसतो, पण दाराच्या मागची कडी आणि बिजागरी धरून मोजा. डिलिव्हरीवाल्याला फ्रिजचं दार काढून आत न्यायला लागलं तर ते आधी सांगावं लागतं.
चारही व्हाउचर एकाच बिलावर संपतात, म्हणजे मुदतीची काळजी नाही. बिलावर व्हाउचरचे नंबर छापून आले का ते बघून घ्या, वॉरंटीला तेच बिल लागेल. पाचव्याची रक्कम रविवारी रात्रीपर्यंत कार्डावर उलट नोंद दिसली नाही तर सोमवारी त्याच तक्रार क्रमांकावर १०० रुपये रोजची भरपाई लिहून मागा.

सदरबाजार_७ (१:२०)
पेट्रोलचा धागा काढला आहे, तिथं या कोणी.