पावसाळ्यात ट्रेनने जायचंय, कोकण की घाट? नऊ जण आहोत, त्यात आईचे गुडघे

खाडीकाठचा_बाब्या (ऐरोली):

नमस्कार मंडळी, जरा मदत करा, घरात आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर मिळून गेला आठवडाभर नुसती भांडणं चाललीयेत. जुलैमध्ये शनिवार-रविवार धरून ट्रेनने कुठेतरी जायचंय, गाडीने अजिबात नको, मागच्या वर्षी लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये चार तास बसून पाऊस बघितलाय. एकूण नऊ माणसं. मी, बायको, दोन पोरं (अकरा आणि सहा), मेहुणा आणि त्याची बायको, कॉलेजपासूनचे दोन मित्र ज्यांची अजून लग्नं झालेली नाहीत त्यामुळे त्यांना प्रत्येक ट्रिप गोव्यालाच न्यायची असते, आणि आई. आई ७२ वर्षांची, दोन्ही गुडघे कुरकुरतात, चालते पण जिना म्हटला की आधी जिन्याकडे बघते मग माझ्याकडे.

बायकोचं म्हणणं सकाळी पुण्याच्या गाडीच्या काचेच्या डब्यात बसू, घाट बघू, संध्याकाळी घरी. मित्रांचं म्हणणं गोवा. आई म्हणते "मला कुठे नेऊ नका, तुमचं तुम्ही जा", म्हणजे तिला यायचंय हे सगळ्यांना कळलंय. तिचं माहेर संगमेश्वराच्या आतल्या अंगाला, पण ती आयुष्यभर गेली ती एसटीने, आणि नंतर ट्रेनने गेली तरी गणपतीच्या गर्दीत, रात्रीची, कोणाच्या तरी बॅगेवर बसून. दिवसाउजेडी भर पावसात कोकण रेल्वे तिने एकदाही बघितलेली नाही. मला वाटतं तिकडेच न्यावं, पण इतका वेळ बसवेल का तिला? आणि पावसात गाडी अडकली तर काय?

भिजकी_छत्री (ठाणे पश्चिम):

बाब्या, वहिनींचं ऐक. डेक्कन एक्सप्रेस ठाण्याला सकाळी मिळते, काचेचा व्हिस्टाडोम डबा २०२१ पासून आहे, अकराच्या आसपास पुण्यात, तीच गाडी दुपारी तीननंतर परत निघते. मधल्या वेळात जेवण करा, आईंना जिना नाही की डोंगर नाही. वेळा मात्र निघण्याआधी बघून घे, पावसाळ्यात इकडच्या तिकडे होतात.

आणि मी तुला सांगते, मला त्या काचेच्या डब्यापेक्षा कर्जत जास्त आवडतं. तिथे घाट चढायला गाडीला मागून जास्तीची इंजिनं लावतात ना, तेवढा वेळ गाडी उभी असते, आणि तेवढ्यात वडेवाले. आम्ही मागच्या जुलैत साध्या डब्यात होतो, पाऊस असा आडवा की दारात उभं राहिलेल्या माणसाचा एकच खांदा भिजत होता, वडेवाल्याने पाटीवरचं प्लॅस्टिक कोपऱ्यातून फक्त एका हाताएवढं उचललं आणि वाफ आधी बाहेर आली, वडा नंतर. सुटे पैसे द्यायचे घ्यायचे चालू असताना मागून एकदम धाडकन धक्का बसला, इंजिन लागलं, आणि आमच्या ह्यांची चटणी शर्टावर. तो डाग अजून आहे, पण असो.

माथेरानची मिनीट्रेन कोणी सुचवली तर ऐकू नकोस, नेरळहून वर जाणारी पावसाळ्यात बंद ठेवतात, फक्त वरती अमन लॉज ते माथेरान तेवढी चालू असते.

विंडोसीट_माझी (वाशी):

मित्र बरोबर आहेत, गोवाच. पुढे कुळेला जाऊन दूधसागर बघा ट्रेनमधून, आयुष्यात एकदा तरी बघायलाच हवा.

भिजकी_छत्री:

अरे पण दूधसागर मडगावच्याही पुढे घाटात, दुसऱ्या गाडीने. ७२ वर्षांच्या बाईला घेऊन दोन दिवसांत ठाणे ते दूधसागर आणि परत? आणि तिथे उतरता येत नाही बरं का, २०२३ च्या जुलैत रुळावरून चालत धबधब्याकडे निघालेल्या पोरांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या, व्हिडिओ सगळीकडे फिरला होता. बाब्याचे दोन मित्र मला त्यातलेच वाटतात.

लाल_हिरवा_बावटा (डोंबिवली):

मी रेल्वेत गार्ड होतो, आता निवृत्त आहे, म्हणून चार गोष्टी सांगतो, जरा लांबेल.

दोन्ही प्रवास चांगले पण जातीने वेगळे. बोरघाट, म्हणजे कर्जत-लोणावळ्यामधला, म्हणजे चढ. ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर, एवढा उभा. १८६३ साली गाडी घाटावर गेली तेव्हा मध्ये एक रिव्हर्सिंग स्टेशन होतं, गाडी आत शिरायची, इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावायचे आणि मग उलट्या तोंडाने पुढचा चढ. १९२९ पर्यंत हे चाललं. आता मागून लावलेली जास्तीची इंजिनं, म्हणजे बँकर, ढकलतात. उतरताना मजा अजून वेगळी, घाटात मध्येच गाडी उभी राहते आणि लोक म्हणतात सिग्नल नाही वाटतं. तसं नाहीये बाबा, गाडी थांबवता येते आहे हे दाखवावंच लागतं, नाहीतर पुढचा रूळ बदलायचा काटा चढाच्या आडलाईनीकडे लावलेला असतो, ब्रेक गेलेली गाडी तिकडे चढून आपोआप थांबावी म्हणून. पोरांना हे सांगा, खिडकी सोडणार नाहीत.

कोकण रेल्वे म्हणजे डोंगराच्या पोटातून. रोह्यापासून मंगळूरच्या अलीकडे ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर, ९१ बोगदे, दोन हजाराच्या आसपास पूल, आणि संपूर्ण मार्ग सुरू झाला २६ जानेवारी १९९८ ला. पावसाळ्यात तिकडचं वेळापत्रकच वेगळं असतं, गाड्या मुद्दाम हळू चालवतात, आणि जोरात पाऊस होऊन समोरचं दिसेनासं झालं की ड्रायव्हरला ताशी ४० च्या वर जायची परवानगी नाही. लोक यावर चिडतात. मला विचाराल तर पाऊस बघायला निघालेल्या माणसाने चिडायचं कारण नाही, तुम्हाला तेच तर हवंय. रात्रभर माणसं कंदील-बॅटऱ्या घेऊन रुळांवर चालत असतात, कटिंगमध्ये दरड आली का, पाणी भरलं का बघत. उंच पुलांवर वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र आहे, वारा फार झाला की गाडी अलीकडेच थांबवतात. अडकलात तर समजा की कोणीतरी आपलं काम नीट केलंय.

तुमच्या आईंसाठी माझं मत, रत्नागिरीपर्यंतच जा. गोवा नको. संगमेश्वर ते रत्नागिरी हा तुकडा पावसात सगळ्यात भरलेला. संगमेश्वर सोडलं की उक्षी, तिथे रुळाला लागूनच रानपाटचा धबधबा, आणि लगेच करबुड्याचा बोगदा, साडेसहा किलोमीटर. पोरांना घड्याळ लावून बसवा. एकच गोष्ट हुकेल, पानवल नदीवरचा पूल, ६४ मीटर उंच, तो रत्नागिरीच्या पुढे निवसरच्या बाजूला आहे. तो पुढच्या खेपेला.

कोपरखैरणेची_मावशी:

बावटा काका छान सांगितलंत. बाब्या, आता बायकांच्या कामाचं सांगते कारण ते कोणी सांगणार नाही.

चेअरकार नको घेऊस आईंसाठी. गुडघेवाल्या माणसाला सहा-सात तास पाय खाली सोडून बसवलं की उतरताना पाय सुजलेला. मांडवी एक्सप्रेसचं (दिवसाची मुंबई-गोवा गाडी) स्लीपर काढ, लोअर आणि साईड लोअर मिळेल तेवढ्या, म्हणजे त्या पाय वर घेऊन बसतील, वाटलं तर आडव्या होतील. शिवाय स्लीपरची खिडकी उघडते. एसीची काच बाहेरून धुक्याने आणि आतून पोरांच्या बोटांनी, काही दिसत नाही. पाऊस आत येतो हे खरं, एक जुना टॉवेल फक्त खिडकीसाठी ने. संडास डब्याच्या एका टोकाला कमोडचा असतो तो चढल्याचढल्या बघून ठेव.

दुसरं म्हणजे ऐरोलीहून ठाण्याला येऊन गाडी पकडू नका. ठाण्याला गाडी थांबते दोन मिनिटं, त्यात तुमची नऊ माणसं आणि एक म्हातारी, आणि समोरून लोकलची गर्दी. तुम्ही ट्रान्स हार्बरने सरळ पनवेलला जा, तिथे गाडी जरा निवांत थांबते. तिकीट ठाण्यापासूनचं काढलं असलं तरी चार्ट लागायच्या आधी बोर्डिंग बदलता येतं, पण मग ठाण्याला चढायचं नाही हं, एकदा बदललं की बदललं.

आणि तिकिटं आजच बघ, बुकिंग साठ दिवस आधी उघडतं आणि जुलैचे शनिवार केव्हाच भरतात. सीनियर सिटिझनची सवलत धरून हिशोब करू नकोस, ती मार्च २०२० पासून बंद आहे. माझ्या सासूबाई अजून प्रत्येक वेळी विचारतात.

अडकण्याचं विचारलंस ना, आम्ही अडकलोय. पाच तास, एका अशा स्टेशनवर जिथे फलाटावर एक बाकडं आणि एक कुत्रा. पुढे दरड आली होती. गाडीतलं खाणं पहिल्या दीड तासात संपलं. तेव्हापासून मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबू सरबताची बाटली नेतेच, गोळ्या एक दिवसाच्या जास्त, आणि रविवारी परत यायचं असेल तर सोमवारी सकाळची मीटिंग ठेवायची नाही. एवढं केलंस की झालं. मांडवीतलं खाणं नावाजलेलं आहे, पण भरवसा स्वतःच्या डब्यावर.

खाडीकाठचा_बाब्या:

मावशी, काका, छत्रीताई, सगळ्यांचे आभार. मांडवीची स्लीपरची सात कन्फर्म, दोन आरएसी (म्हणजे एका बर्थवर दोघांनी बसायचं), आरएसी अर्थातच मित्रांना. पनवेल बोर्डिंग केलं. रत्नागिरीला एक रात्र, दुसऱ्या दिवशी दुपारची परतीची. येऊन कळवतो.

खाडीकाठचा_बाब्या (जुलै संपताना):

आलो. कळवतो म्हणालो होतो म्हणून लिहितोय, उशीर झाला, पोरं आजारी होती (पावसात भिजून नाही, रत्नागिरीत दोघांनी मिळून सहा आइस्क्रीम खाल्ली म्हणून).

पनवेलची आयडिया एक नंबर. आई सावकाश चढली, खिडकी पकडली, टॉवेल मांडीवर घेतला आणि पेण येईपर्यंत म्हणत होती मला कशाला आणलंत. मग रोह्याच्या पुढे शेतं सुरू झाली आणि ती गप्प. भाताची लावणी चालू होती सगळीकडे. धाकट्याने विचारलं आजी त्या बायका वाकून काय शोधतायत, तर तिने त्याला जवळ घेऊन सगळं सांगितलं, तरवा (भाताची रोपं) म्हणजे काय, तो उपटून मुठी कशा बांधायच्या, चिखलात पाय कसा टाकायचा म्हणजे रुतत नाही, आणि पूर्वी छत्री नसायची तर पाठीवर इरलं असायचं, ते घातलं की दोन्ही हात मोकळे. मग ती सीटवर बसल्या बसल्या वाकून हाताने रोवून दाखवायला लागली, चार बोटं आणि अंगठा, टक टक टक, इतकं भराभर की समोरच्या बर्थवरचे अनोळखी काका पण मोबाईल ठेवून बघायला लागले. माझ्या आईला लावणी येते हे मला ऐकून माहीत होतं, पण हात असे चालतात हे मी बेचाळीस वर्षांत बघितलं नव्हतं.

चिपळूणला वाशिष्ठी लाल, काठोकाठ. तिथून पुढे ती संगमेश्वर कधी येतं ते दर दहा मिनिटांनी विचारत होती, आलं तेव्हा दारापर्यंत चालत गेली, फलाटावर ओळखीचं कोणी आहे का बघितलं, कोणी नव्हतं, परत येऊन बसली आणि पाच मिनिटांत झोपली. म्हणजे काका तुमची उक्षी आली तेव्हा आम्ही आठ जण खिडकीला, तुषार आत येतायत, सगळा डबा ओरडतोय, आणि जिच्यासाठी एवढं केलं ती घोरतेय. बोगद्यात मोठ्या पोराने घड्याळ लावलं, सात मिनिटं आणि वर काही सेकंद. बोगद्याच्या आवाजाने उठली आणि म्हणाली रात्र झाली काय रे. धबधबा गेला म्हटलं तर म्हणे जाऊदे, पाणी मी लहानपणी खूप बघितलंय, ती दशमी काढ.

येताना गाडी पावणेदोन तास लेट. मित्रांनी आरएसीच्या सीटवर दाटीवाटीने बसून गोव्याच्या नावाने उसासे सोडले, मग पत्ते काढले.

कोपरखैरणेची_मावशी:

वा. दशम्या टिकल्या ना दुसऱ्या दिवसापर्यंत? दुधात भिजवल्या होत्या की पाण्यात?

लाल_हिरवा_बावटा:

सात मिनिटं आणि वर म्हणजे गाडी पंचावन्नच्या आसपास चालली होती. मोठ्याला शाबासकी सांगा. आणि उक्षीला येतानाही धबधबा लागतो की, तेव्हा तरी दाखवलात का आईंना?

खाडीकाठचा_बाब्या:

मावशी दुधात, टिकल्या. काका, येताना उक्षीला ती जागी होती, पण पत्ते खेळत होती.