ट्यूविक्सपेक्षा 'इक्विनॉक्स' जास्त खटकतो
ट्यूविक्सला संपवलं म्हणून 'स्टार ट्रेक: व्हॉयेजर' या अंतराळयानाच्या मालिकेतली कॅप्टन जेनवे खुनीच, असं काही चाहते म्हणतात, ते काही पटलं नाही. निर्णय वादग्रस्त आहेच. ट्रान्सपोर्टरच्या (माणसांना क्षणात दुसरीकडे पाठवणारं यंत्र) अपघातात ट्यूवॉक आणि नीलिक्स हे तिचे दोन सहकारी मिळून ट्यूविक्स हा तिसराच जीव झाला, तो जगू द्या म्हणून गयावया करत होता, डॉक्टरने हात वर केले आणि मग तिनेच दोघांना वेगळं करणारं यंत्र चालवलं. पण निदान दुसऱ्या पारड्यात दोन जीव तरी होते!

मालिकेच्या पहिल्या भागात ॲरे (ज्याने त्यांना तिथे खेचून आणलं आणि जे परतही पाठवू शकलं असतं, ते परकं यंत्र) उडवून सगळ्यांना ७०,००० प्रकाशवर्षं लांब अडकवलं, ते मी केव्हाच माफ केलंय. (टाइमबॉम्ब लावून ते घरी का नाही गेले विचारू नका, मग सात सीझन कुठून आले असते?)

तिचा तोल खरा सुटतो तो १९९९ च्या 'इक्विनॉक्स' या भागात. इक्विनॉक्स या दुसऱ्या यानाच्या कॅप्टन रॅन्समने वेगासाठी दुसऱ्या मितीतले जीव मारले म्हणून ही खवळते, इथवर ठीक. पण पळालेल्या रॅन्समचा ठावठिकाणा काढायला ती त्याच्याच माणसाला, लेसिंगला, एकट्याला कोंडते आणि संरक्षक फील्ड काढून घेते, म्हणजे तेच जीव येऊन त्याला मारतील. तिचा उपकप्तान चकोटेने ऐनवेळी बाहेर काढलं म्हणून वाचला बिचारा. आणि पुढे ड्यूटीवरून हटवलं कुणाला? चकोटेलाच!

शेवटी ब्रिजवर जहाजाची पडलेली पाटी उचलताना ती ओशाळल्यासारखी बोलते, तेवढंच. लेसिंगची माफी वगैरे काही नाही.