अनुभव धागा : मार्चमध्ये जन्मलेली पुस्तके

धागाकर्ता, पुणे

शाळांना मिळणाऱ्या सरकारी पैशाविषयी पुष्कळ लिहिले जाते. मात्र तोच पैसा पुस्तकाची पाने, आकार, लेखकाचे मानधन आणि प्रकाशनाचा महिनाही ठरवतो, याकडे फारसे लक्ष जात नाही. २७ जानेवारी १९६७ रोजी बालभारती या राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाची स्थापना झाली आणि क्रमिक पुस्तके हळूहळू मंडळाकडे आली. खासगी प्रकाशकांकडे पूरक वाचन, कोश, मार्गदर्शके, स्वाध्यायपुस्तिका एवढेच उरले. त्यातील पूरक वाचनाचा सर्वांत मोठा ग्राहक पुन्हा सरकारच आहे. २०१८ पासूनच्या समग्र शिक्षा योजनेत केंद्र आणि राज्य ६०:४० या प्रमाणात खर्च उचलतात. मोफत पाठ्यपुस्तकांसाठी प्राथमिक स्तरावर प्रतिविद्यार्थी २५० आणि उच्च प्राथमिक स्तरावर ४०० रुपयांची कमाल मर्यादा आहे, तर शाळेच्या ग्रंथालयासाठी स्तरानुसार ५,००० ते २०,००० रुपयांची तरतूद आहे. या आकड्यांच्या अलीकडे-पलीकडे ज्यांनी काम केले आहे, त्यांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत. कार्यालयांची आणि व्यक्तींची नावे कृपया टाळावीत.

निवृत्त मुख्याध्यापिका, नगर जिल्हा

मी नोकरीला लागले तेव्हा प्राथमिक शाळांना किमान साहित्य पुरवणारी १९८७ ची खडू-फळा मोहीम नुकतीच गावोगावी पोहोचत होती. आमच्या दोनशिक्षकी शाळेत एक पत्र्याची पेटी आली. तीत नकाशे, भिंगे आणि गोष्टींची पुस्तके होती. ती जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या यादीत, चढली आणि पेटीला कुलूप लागले, कारण पुस्तक फाटले किंवा हरवले तर वसुली आपल्याच पगारातून होईल, अशी धास्ती आम्हा सर्वांना होती. तपासणीच्या दिवशी मुलांना ती पुस्तके लांबून दाखवली जात. मी तीन वर्षांनी ते कुलूप काढले. त्यानंतर चार पुस्तके हरवली आणि वसुली कोणीही केली नाही.

छोटे प्रकाशक, पुणे

धाग्याचे शीर्षक वाचून हसू आले, कारण माझ्या यादीतील निम्म्याहून अधिक पुस्तकांवर प्रथमावृत्तीचा महिना खरोखरच मार्च आहे. निधी वर्षभर वरच्या पातळीवर अडकतो, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पुरवठ्याचा आदेश निघतो आणि ३१ मार्चपूर्वी उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामी खर्च झाल्याचा दाखला, जायचे असते. म्हणजे लेखन, चित्रे, मुद्रितशोधन, छपाई, बांधणी आणि वाहतूक यांसाठी हाती जेमतेम सहा आठवडे उरतात. एवढ्या वेळात नवे पुस्तक लिहून होत नाही, म्हणून जुन्याच गोष्टी नव्या मुखपृष्ठाखाली जातात, हे मी स्वतः केलेले आहे आणि नाकारत नाही.

दुसरी गोष्ट पानांची. छपाई सोळा पानांच्या फर्म्यात, म्हणजे एका मोठ्या कागदावर सोळा पाने एकदम, अशी होते. अहवालात ‘शाळेला किती पुस्तके दिली’ हा रकाना असतो, ‘किती पाने दिली’ असा नसतो. त्यामुळे १६० पानांच्या एका चांगल्या कथासंग्रहापेक्षा ३२ पानांची, पिन मारलेली पाच पुस्तके विकणे सोपे जाते. एका कादंबरीचे हस्तलिखित माझ्याकडे चार वर्षे पडून होते. अखेर तिचे तीन भाग केले, तेव्हा ती शाळांना एकगठ्ठा विकल्या जाणाऱ्या पुस्तकांच्या एका संचात बसली. लेखकाला स्वामित्वधन (विक्रीतला वाटा) नाही, एकरकमी मानधन, कारण निविदेतील सर्वांत कमी दरात स्वामित्वधनाला जागाच राहत नाही. पुरवठ्याचे पैसे आम्हाला दिवाळीला मिळतात. कागदाच्या व्यापाऱ्याचे व्याज मात्र एप्रिलपासूनच सुरू होते. शिवाय छापील पुस्तकांवर वस्तू व सेवा कर नाही, म्हणून कागदावर भरलेल्या कराची वजावटही आम्हाला मिळत नाही. करमुक्तीचा हा लाभ ऐकायलाच बरा वाटतो.

चित्रकार, कोल्हापूर

वरच्या कादंबरीच्या तीन भागांपैकी एकाची चित्रे कदाचित मीच काढली असतील. अशा कामांत चित्रामागे ठरलेली रक्कम मिळते आणि दुरुस्तीला वेळ नसतो. एकदा बैलगाडीला मी घाईत एकच बैल जुंपला. तसेच छापले गेले.

शिक्षक, कन्नड माध्यम, जत तालुका

बालभारती मराठीखेरीज कन्नड, उर्दू, गुजराती, तेलुगू अशा अनेक माध्यमांची पाठ्यपुस्तके छापते, आणि ती आम्हाला मिळतात. अडचण पुढे येते. खासगी प्रकाशकाला महाराष्ट्रातील कन्नड शाळांसाठी पूरक पुस्तक काढणे परवडत नाही, कारण मागणी काही तालुक्यांपुरतीच आहे. परिणामी ग्रंथालयाच्या पैशातून दोन वर्षे आमच्याकडे मराठीचे संच आले. मी विजापूरला जाऊन स्वखर्चाने कन्नड पुस्तके आणली. मुले त्यांवर तुटून पडली. त्या पुस्तकांची पावती मात्र जोडता आली नाही, कारण दुकान मान्य पुरवठादारांच्या यादीत नव्हते.

वही-पुस्तक दुकानदार, लातूर

२०२३–२४ मध्ये पाठ्यपुस्तकांचे चार भाग करून त्यांत वहीची कोरी पाने घालण्यात आली. उद्देश दप्तर हलके करण्याचा होता. माझा जूनचा वह्यांचा धंदा त्या वर्षी घटला, तरी तक्रार तेवढीच नव्हती: मुले कोऱ्या पानांवर लिहीत आणि पुन्हा वेगळी वही विकत घेत, कारण गृहपाठ वहीतच तपासला जाई. २०२५–२६ पासून ही पाने बंद झाली. मात्र लिहिलेली पुस्तके पुढच्या मुलाला देता येत नसल्याने आमच्या गल्लीतील जुन्या पुस्तकांची पेढी तोवर बसली होती.

उपशिक्षिका, नाशिक जिल्हा

आमचा अनुभव थोडा निराळा आहे. एका वर्षी निवड शाळेवर सोपवण्यात आली होती, तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीतील दोन माता, मी आणि सातवीतील चार मुले असे सर्वजण ग्रंथप्रदर्शनाला गेलो. मुलांनी एकही संच घेतला नाही. सुटी पुस्तके चाळून, किमती कागदावर मांडून एकूण ४१ पुस्तके निवडली. त्यात विहिरी कशा खोदतात यावरचे एक जाड पुस्तक होते. ते प्रथमदर्शनी मला निरुपयोगी वाटले. पुढे तेच सर्वाधिक वेळा घरी नेले गेले.

हिशेबाच्या वेळी प्रत्येक पुस्तकासाठी तीन दरपत्रके मागण्यात आली. विहिरीचे पुस्तक एकाच प्रकाशकाचे असल्याने तीन निरनिराळे दर कोठून आणावेत, असे मी लेखी विचारले. त्या पत्राला उत्तर आलेले नाही. रक्कम मात्र मंजूर झाली.