गावठी गुलाबाची साखर कोरडी कशी ठेवायची?

अंबाजोगाईची सून:
परसात गावठी गुलाबाची झाडं आहेत, यंदा लई फुललीत. सासूबाई म्हणतात गुलकंद घाल, पण घरात तो कोणी खात नाही. मला सुकी, भुरभुरती साखर पाहिजे, शेवयांच्या खिरीवर टाकायला. ताज्या पाकळ्या साखरेबरोबर मिक्सरला लावल्या की चटणीच व्हायलीय. मोगऱ्याची होते का? कुंपणाला गुलाबी कण्हेर पण आहे, रंगाला चालेल का?

लातूरची काकू:
आधी कण्हेरीचं. अजिबात घेऊ नका. पान, फूल, चीक, सगळं विषारी. वाळवा नाहीतर उकळा, विष जात नाही. पिवळी बिट्टीही त्यातलीच. घरात लेकरं असतील तर त्यांनाही बजावून ठेवा, एकदा फुलांची साखर खाल्ली की ती कुठलंही फूल तोंडात घालतात.

आता गुलाब. ओल्या पाकळीला साखर लागली की ती पाकळीतलं पाणी ओढून घेते. गुलकंदाला तेच पाहिजे असतं, तुम्हाला नको. म्हणून पाकळी आधी पार वाळली पाहिजे. दव उतरल्यावर फुलं तोडा. पाकळीच्या बुडाचा पांढरा भाग कडवट लागतो, तो कात्रीनं उडवा. पंचावर पातळ पसरून सावलीत ठेवा, उन्हात रंग उडतो. चैत्र-वैशाखातली आपल्याकडची कोरडी हवा याला एक नंबर. फक्त कूलरच्या खोलीत ठेवू नका, तिथं हवा दमट असते. चिमटीत धरल्यावर कुरकुरून चुरा झाला पाहिजे. नुसती दुमडली तर ओल आहे. पाव किलो साखरेला मूठभर पाकळ्या पुरतात. मिक्सर थांबत थांबत फिरवा, सलग फिरवला तर भांडं तापतं आणि पिठीसाखर होऊन बसते.

मोगऱ्याचा नुसता वास घ्यायचा. तिन्हीसांजेला टपोऱ्या कळ्या तोडा, बरणीत साखरेचा थर, कळ्यांचा थर. रात्रीतून त्या उमलतात. सकाळी चाळून फुलं काढा आणि साखर ताटात पसरा, थोडी ओलसर झालेली असते. वास कमी वाटला तर दुसऱ्या रात्री ताज्या कळ्या घाला.

औशाचा शेतकरी:
फुलं कमी पडली म्हणून हारवाल्याकडचे गुलाब आणू नका, ताई. विकायच्या फुलांवर फवारे मारलेले असतात, ते खायच्या हिशोबानं नसतात. आणि त्या गुलाबाला रंगच असतो, वास कुठंय?

अंबाजोगाईची सून:
धन्यवाद! पंचा माळवदावरच्या खोलीत हलवते. काकू, निळी गोकर्ण चालेल?

लातूरची काकू:
चालते. हिरवा देठ काढून तशीच वाळवा. वास काही नाही, पण ती साखर लिंबूसरबतात पडली की निळ्याची जांभळी होते, पोरं दोन-दोन पेले मागतात. पाऊस लागायच्या आत उरका मात्र. मृगाच्या हवेत बरणीचं झाकण सैल राहिलं तरी गठ्ठा होतो.